नमुना क्रमांक सतरा

माणसाला आयुष्यात नाना तऱ्हेची पत्रं येतात. पण आपणच लिहिलेलं, आपल्याच हुद्द्यानिशी आलेलं आणि आपल्यालाच न कळणारं पत्र फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मला ते एका सोमवारी आलं.

झालं असं, की आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. लिफ्ट आमच्याच कंपनीची, म्हणजे ज्या कंपनीत मी सव्वीस वर्षं पत्रव्यवहार विभाग सांभाळतोय त्या कंपनीची. मी त्या विभागाचा प्रमुख आहे. विभागात माझ्याशिवाय एक टेबल आणि एक कपाट आहे, पण प्रमुख तो प्रमुख. बायकोनं मला न विचारता रीतसर तक्रार पाठवली आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते तिनं भाजी निवडता निवडता मोठ्यानं वाचलं.

"आपल्या संदर्भाधीन पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, प्रस्तुत बाब विचाराधीन असून तदनुषंगिक यथोचित कार्यवाही यथावकाश करण्याची दक्षता घेण्यात येत आहे."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे तक्रार पोचली."

"ते कळलं. दुरुस्तीला येणार कोण? आणि कधी?"

"अगं, दक्षता घेतली जातेय ना."

"कोण घेतंय?"

मी पाणी प्यायला उठलो. हा आमचा नमुना क्रमांक सतरा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी तो लिहिला होता. तेव्हाचे साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "वा! यात कुणाला काही म्हणजे काही पकडता येणार नाही." ती मी शाबासकी समजलो होतो. घरी येऊन आईला वाचून दाखवला होता आणि तिला त्यातलं अक्षर न कळल्यामुळे तिचा ऊर भरून आला होता.

आमच्या कंपनीत पत्र कुणी लिहीत नाही, हे इथं सांगायला हवं. चौसष्ट नमुने आहेत. पैसे मिळाले, नमुना चार. लिफ्ट अडकली, नमुना सतरा. अडकलेला माणूस फारच चिडला, नमुना एकोणीस. कुणीतरी नुसता आकडा म्हणायचा, आणि आवक-जावकच्या बाई तो नमुना जसाच्या तसा छापून पाठवायच्या. त्यात कान्यामात्रेचाही बदल करायचा नाही, हा दंडक. तोही मीच घातला होता, कारण मध्यंतरी एका उत्साही कारकुनानं नमुना चारच्या शेवटी "कळावे, लोभ असावा" असं लिहून टाकलं होतं आणि त्यावर एक चौकशी बसली होती.

पाच मजले चढून उतरून माझे गुडघे आठवड्याभरात जे बोलायला लागले, ते सतराच्या भाषेत नव्हतं. शिवाय बायकोचं ते "म्हणजे?" डोक्यातून जाईना. शेवटी मी ठरवलं, की नमुना सतरा नव्यानं लिहायचा. चार ओळींचं तर काम. रविवारी चहा व्हायच्या आत उरकेल, असं मला वाटलं.

पहिला मसुदा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे?" दुसरा वाचला. "म्हणजे?" सहाव्या मसुद्याला तिनं मान वर न करता विचारलं, "अहो, तुम्हाला नक्की काय सांगायचंय त्यांना?"

मी वैतागून म्हणालो, "हेच, की आमची लिफ्ट बंद पडली, आम्ही चुकलो, मंगळवारी दहाला माणूस येईल, नाही आला तर मला फोन करा!"

"मग तेच लिहा की."

सव्वीस वर्षांत हा मार्ग मला सुचला नव्हता.

एवढ्यात चौथ्या मजल्यावरचे विमेवाले आले. विमा विकणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरातला कागद वासावरून कळतो. त्यांनी मसुदा वाचला आणि दार लावून घेतलं. "आम्ही चुकलो? वेड लागलंय का तुम्हाला? अहो, माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी भिंतीत शिरली, तरी मी त्याला लिहायला लावलं, की भिंत आणि गाडी यांचा संपर्क आला. चूक कबूल करायची नसते, ती सापडली तर बघायचं असतं." मग खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आले. त्यांना चूक चालत होती, पण ती नुसती नको, "अनवधानाने घडलेली" हवी होती. दोघांचा वाद जुंपला आणि तेवढ्यात मी मूळ चार ओळी स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या:

"तुमची लिफ्ट बंद आहे. आमचं चुकलं. मंगळवारी सकाळी दहा वाजता आमचा माणूस येऊन ती दुरुस्त करेल. नाही आला, तर मला फोन करा."

खाली नमुन्यादाखल म्हणून आमच्या घरचा फोन नंबर घातला. वार आणि वेळसुद्धा नमुन्यादाखलच होती. जिथे जी तारीख ठरेल तिथे ती घालावी, हे इतकं उघड होतं, की ते लिहून ठेवायचं मला सुचलं नाही.

कंपनीत मात्र कुठलाही बदल सहा जणांच्या नजरेखालून जावा लागतो. फाइल निघाली. कायदा सल्लागारांनी "आमचं चुकलं" याच्यापुढे "असे गृहीत न धरता" असं घातलं. खरेदीवाल्यांनी "दुरुस्त" शब्दावर आक्षेप घेतला, कारण त्यातून वस्तू बिघडली होती असा समज होतो. दोन आठवड्यांत चार ओळींची सव्वातीन पानं झाली, आणि पत्रात लिफ्ट हा शब्दच उरला नाही. मग मोठ्या साहेबांनी शेरा मारला, "फार लांब. मूळ मसुदा पाहावा." मूळ मसुदा पुन्हा सहा टेबलांवर फिरला. तो आता इतका ओळखीचा झाला होता, की कुणीच वाचला नाही. सहाही जणांनी "पाहिले" म्हणून सही केली.

आवक-जावकच्या बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच एका कागदावर सहा सह्या बघितल्या. सहा सह्या म्हणजे ताबडतोब, हा त्यांचा साधा हिशेब. तिमाही संपत आली होती आणि पुन्हा पुन्हा तक्रार करणाऱ्यांची चौऱ्याऐंशी स्मरणपत्रं त्यांच्या टेबलावर साचली होती. या सगळ्यांना जायचा होता नमुना सतरा. बाईंनी नवा सतरा घेतला. कान्यामात्रेचाही बदल न करता चौऱ्याऐंशी प्रती छापल्या आणि शुक्रवारी टपालात टाकल्या.

शनिवारी दुपारी आमचा फोन वाजला. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. बायकोनं उचलला.

"हो, हाच नंबर... मंगळवारी? दहाला? हो का... नाही, छान वाटलं म्हणून फोन केलात? बरं बरं." तिनं फोन ठेवला, आणि तो लगेच पुन्हा वाजला. मग पुन्हा. पाचव्या फोनला मी उठून बसलो. सातव्याला मला सगळं कळलं. आमच्याकडे नऊ मेकॅनिक. मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या नऊ जणांनी चौऱ्याऐंशी इमारतींत हजर व्हायचं होतं. आणि तसं मी लिहून दिलं होतं.

मी चादर डोक्यावर ओढली. नोकरी जाणार, हे नक्की होतं. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना जाणार, आणि जाताना मला नमुना त्रेपन्न मिळणार, "आपली सेवा यापुढे आवश्यक नसल्याचे" वगैरे. तोही माझाच.

बायकोनं चादर ओढून काढली नाही आणि मला फोनही दिला नाही. तिनं भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं, आणि पेन घेऊन फोनशेजारी बैठक मारली. दोन दिवस मी ते ऐकत होतो. ती प्रत्येकाला आधी खरं सांगायची, "हे बघा, ह्यांचा घोटाळा झालाय. एकच वेळ सगळ्यांना गेलीय." आणि मग विचारायची, "तुम्ही कितव्या मजल्यावर? घरात कुणाला जिना चढता येत नाही का?"

बस, एवढंच. हा एवढासा प्रश्न. आमच्या चौसष्ट नमुन्यांत, तक्रारीच्या छापील अर्जात, कुठेही तो नव्हता. लिफ्टचा अनुक्रमांक विचारलेला होता, बसवल्याची तारीख होती, मोटारीची शक्ती होती. वर कोण राहतं, हे लिफ्टच्या कंपनीनं कधी विचारलंच नव्हतं. आणि लोक सांगत होते. भांडायला फोन करणारी माणसं, प्रश्न ऐकल्यावर दम खाऊन, आवाज उतरवून, घरातलं सगळं सांगत होती. मी चादरीतून बाहेर येऊन खुर्चीत बसलो आणि माझ्या बायकोकडे नव्यानं बघायला लागलो.

रविवारी संध्याकाळी एका आजींचा फोन आला. बायकोनं खूण करून मला ऐकायला बोलावलं.

"बाई, तुमचे फार उपकार झाले हो," आजी सांगत होत्या. "आम्ही पाचव्या मजल्यावर. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, पण त्यांना जिना उतरवत नाही. खुर्चीत बसवून न्यायला माणसं नाहीत. दोनदा तारीख घेतली, दोनदा गेली. तुमची आधीची पत्रं आली, त्यांतलं काही आम्हाला उमगलं नाही. हे पत्र आलं, त्यात सरळ दहा वाजता लिहिलंय. म्हणून मी लगेच दवाखान्यात कळवलं. मंगळवारी अकराची वेळ मिळाली. डॉक्टर म्हणाले, आता लांबवलं तर त्या डोळ्याची खात्री नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो? सव्वीस वर्षांत माझ्या लिहिण्यावर विसंबून कुणी काही केलं नव्हतं. तशी सोयच मी ठेवली नव्हती. आणि आता एक बाई माझ्या एका ओळीवर नवऱ्याचा डोळा टाकून मोकळी झाली होती. मला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त काहीतरी वाटलं. देवळात उभं राहिल्यावर वाटतं, तसलं.

"येतील, आजी," बायको म्हणाली. "दहाला नक्की येतील."

सोमवारी मोठ्या साहेबांनी मला उभं केलं. त्यांच्यासमोर कायदा सल्लागार, आणि दाराशी मेकॅनिकांचे मुकादम, ज्यांना सगळे दादा म्हणतात.

"कंपनीच्या कागदावर 'आमचं चुकलं'?" साहेब म्हणाले. "आणि घरचा फोन नंबर?"

"आपल्या सहीनं गेलंय, साहेब," मी पुटपुटलो. साहेबांनी सही बघितली आणि कागद उलटा ठेवला.

कायदा सल्लागारांकडे उपाय तयार होता: नमुना अठरा, "पूर्वीचे पत्र रद्दबातल समजावे." तेवढ्यात दादा म्हणाले, "पण साहेब, एवढ्या लिफ्ट बंद हायत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पोरं आठवडाभर नुसती बसून हायत."

मग हळूहळू जे बाहेर आलं, ते ऐकून खोलीत कुणी कुणाकडे बघेना. तक्रार आली, की आवक-जावकच्या बाई नमुना सतरा पाठवायच्या. सतरा गेला, की रजिस्टरमध्ये तक्रारीपुढे "निकाली" असा शिक्का. निकाली निघालेली तक्रार मेकॅनिकांकडे पाठवायची कशाला? म्हणजे माझं पत्र हीच दुरुस्ती होती. एवढी वर्षं लिफ्ट माझ्या शब्दांनीच दुरुस्त होत होत्या, कागदावर. ज्यांचा आरडाओरडा थेट साहेबांच्या कानावर जायचा, तेवढ्यांच्याच खऱ्या व्हायच्या. मी आजवर समजत होतो की सतरा हे निरुपद्रवी पत्र आहे.

आणि तेव्हा दारातून बायको आत आली. हातात कॅलेंडर. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. तिनं कॅलेंडर साहेबांच्या टेबलावर पसरलं आणि वाचायला लागली. "पाचवा मजला. आजोबा. डोळ्याचं ऑपरेशन, उद्या अकरा वाजता, आपल्या पत्राच्या भरवशावर. सातवा मजला. बाळंतीण, घरी येऊन चार दिवस झाले. तिसरा मजला. सगळे धडधाकट, नुसते चिडलेत." ती वाचत गेली. साहेब ऐकत गेले.

"ह्या कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पत्रव्यवहार विभाग," दादा म्हणाले.

साहेबांनी कॅलेंडर स्वतःकडे ओढलं आणि मला म्हणाले, "काय लिहायचं ते लिहा. पण उद्या दहाला इथं दंगल झाली, तर तुमचा राजीनामा टेबलावर पाहिजे."

मी तिथेच बसलो आणि लिहिलं. बायको समोर होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही.

"मंगळवारी दहा वाजता येऊ, असं आम्ही तुम्हाला कळवलं. तेच पत्र चौऱ्याऐंशी इमारतींना गेलं. ही चूक माझी. आमच्याकडे नऊ मेकॅनिक आहेत. ते दिवसाला अठरा लिफ्ट दुरुस्त करू शकतात, म्हणून पाच दिवसांत आम्ही सगळीकडे येऊ. जिथे कुणी वर अडकून पडलंय, तिथे आधी जाऊ. तुमचा दिवस खाली लिहिला आहे. त्याआधी यायला हवं असेल, तर का ते सांगा, आम्ही आधी येऊ."

चौऱ्याऐंशी प्रतींवर मी हातानं सह्या केल्या. मेकॅनिकांनी त्या दुपारी घरोघर नेऊन दिल्या आणि जाता जाता लिफ्टही बघून आले. दादा पाचला परतले ते तोंड पाडून. "त्या आजींच्या लिफ्टचा दोर गेलाय. बदलायला चौघं लागतील, तेही सकाळी सहापासनं. म्हंजे उद्या अठरा होत नाहीत. दहा झाल्या तर खूप."

म्हणजे आणखी आठ जणांना दिलेला शब्द मोडायचा. मी राजीनाम्यासाठी कोरा कागद पुढे ओढला. राजीनाम्याचा नमुना आमच्याकडे नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आणि फोन सुरू झाले. नव्या पत्रावर ऑफिसचा नंबर होता, त्यामुळे आता ते ऑफिसात येत होते आणि मी स्वतः घेत होतो. पहिला तिसऱ्या मजल्यावरच्या चिडक्या गृहस्थांचा. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"पत्र मिळालं," ते म्हणाले. "नऊच माणसं आहेत होय तुमच्याकडे? मग आमचं राहू द्या. आम्ही चढतो तीन मजले. शुक्रवारी या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण दुसराही फोन तसाच. तिसरा एका शिंप्याचा, त्याचं दुकान तळमजल्यावर आणि घर दुसऱ्यावर, त्याला लिफ्ट महिनाभर नसली तरी चालणार होती. दोन इमारतींत रांगेतल्या शेवटच्या नंबरावरून जुंपली. दोघांनाही तो पाहिजे होता, आणि मला त्यांची समजूत काढावी लागली, की तो माझ्या घरासाठी ठेवलाय. भांडणारे नव्हते असं नाही. तिघांनी वकिलाची भाषा केली, एकानं माझ्या अकलेविषयी दहा मिनिटं विवेचन केलं आणि ते बरंचसं बरोबर होतं. पण रात्रीपर्यंत सव्वीस जणांनी आपणहून नंबर मागे घेतला. सव्वीस! ज्या लोकांना आम्ही इतकी वर्षं "विचाराधीन" ठेवलं होतं, त्यांना फक्त खरी परिस्थिती सांगितली, तर ते आमच्या बाजूनं विचार करायला लागले. मी फोन खाली ठेवला की हात तसाच त्यावर राहायचा. माणसं इतकी चांगली असतात, याची आमच्या विभागात कुठेच नोंद नव्हती.

मंगळवारी सकाळी नऊपासून मी आजींच्या इमारतीखाली उभा. वर लोखंडाचे आवाज चालले होते. साडेनऊला दादा जिन्यावरून ओरडले, "अजून वेळ लागंल!" पावणेदहाला साहेबांची गाडी आली. ते खाली उतरले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. दहाला पाच कमी असताना वरचे आवाज थांबले. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. मग कुठेतरी खूप वर खट्ट झालं, आणि दोर हलायला लागला.

दार उघडलं, तेव्हा आत दादा होते, आजी होत्या, आणि चाकाच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेले एक आजोबा. डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "आलो का खाली?" साहेब पुढे झाले आणि त्यांनी स्वतः खुर्ची गाडीपर्यंत ढकलत नेली. लिफ्ट कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला खुर्ची पायरीवरून उतरवता येत नाही, हे तेव्हा कळलं. पण दवाखान्यात आजोबा वेळेवर पोचले.

शनिवारी, सगळ्यांत शेवटी, आमची लिफ्ट झाली. मी पायात चपला सरकवत ती बघायला निघालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. आवाज पुरुषाचा होता, म्हातारा आणि सावकाश.

"पट्टी काल काढली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, काहीतरी वाचून बघा. पेपर होता. पण म्हटलं, पहिल्यांदा हेच वाचू. ऐका हं." आणि ते वाचायला लागले. एकेक अक्षर लावत, मध्येच थांबत, पुन्हा मागे जात. मंगळवारी दहा वाजता. ही चूक माझी. आमच्याकडे नऊ मेकॅनिक आहेत. मी दारात एका पायात चप्पल घालून उभा होतो आणि माझंच पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिला काही विचारायची गरज पडली नाही, माझ्या तोंडाकडे बघून ती तिथेच थांबली.

"आम्ही आधी येऊ," आजोबांनी संपवलं आणि मोठा श्वास सोडला. "सगळं वाचता आलं बघा. फक्त खाली काहीतरी गिचमिड दिसतंय, ते काही केल्या लागत नाही. डोळा अजून कच्चा असणार."

"नाही आजोबा," मी म्हणालो. "डोळा अगदी उत्तम आहे. ती माझी सही."